रोजी, आवड आणि अमानत




जुमाच्या नमाजनंतर मशिदीत मागे रेंगाळणाऱ्या तरुणांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "मौलाना, नोकरी बरी आहे, पगार वेळेवर होतो, काम हलाल आहे, पण त्यात मन लागत नाही. दुसरे काही करावे असे वाटते. असे वाटणे ही नाशुक्री तर नव्हे ना?" विचारणारा बहुधा तिशी-पस्तिशीचा असतो. घरी वृद्ध आईवडील, पत्नी, शाळेत जाणारी मुले. कोणी पुण्यातील कंपनीत संगणकासमोर बसणारा, कोणी आखाती देशात दहा-बारा वर्षे काढून कोकणातील आपल्या गावी परतलेला, कोणी मालेगावात वडिलांचे यंत्रमाग सांभाळणारा. व्यवसाय निराळे असले तरी मनातील घालमेल एकच असते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही आणि तो केवळ दुनियेचाही नाही. माणसाच्या जागेपणाचे बहुतांश तास उपजीविकेच्या कामात जातात. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला आयुष्य कशात घालवले, ज्ञानाचा काय उपयोग केला, संपत्ती कोठून मिळवली व कोठे खर्च केली आणि शरीर कशात झिजवले, असे विचारले जाईल, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. जरा विचार करा, या सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्या कामधंद्याशी निगडित आहेत. मग तो धंदा निवडताना किंवा बदलताना दीन बाजूला कसा ठेवता येईल?

रोजी शोधणे ही गुन्हेगारी नव्हे

प्रथम मनातील एक गैरसमज दूर करू या. अधिक योग्य कामाचा शोध घेणे म्हणजे नाशुक्री नव्हे. सूरह जुमुआमध्ये नमाज आटोपल्यावर जमिनीवर पसरून अल्लाहचा फज्ल शोधण्यास सांगितले आहे. सूरह मुल्कमध्ये ही धरती माणसासाठी सुगम केल्याचा उल्लेख करून तिच्या वाटांनी चालण्याचा आणि अल्लाहने दिलेल्या रिज्कमधून खाण्याचा आदेश आहे. पक्ष्यांची उपमाही आपल्या परिचयाची आहे. ते सकाळी उपाशीपोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. या हदीसवर प्रवचने पुष्कळ होतात, पण तीत पक्षी घरट्यात बसून राहत नाहीत, हे आपण विसरतो. त्यांचे उडणे हा तवक्कुलचाच भाग आहे.

नाशुक्री कशाला म्हणावे? मिळत असलेल्या हलाल रोजीला तुच्छ लेखणे, घेतलेल्या पगाराच्या मोबदल्यात काम अर्धवट टाकणे आणि घरी आल्यावर त्या वैतागाचा राग बायकामुलांवर काढणे, ही नाशुक्री आहे. मनात बदलाची इच्छा असणे आणि आजचे काम प्रामाणिकपणे करणे या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

अर्थात, ज्याचे कामच हराम आहे, त्याच्यापुढे आवडी-निवडीचा प्रश्नच उरत नाही. मद्य, जुगार, व्याज किंवा फसवणूक यांवर उभा असलेला रोजगार सोडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपले काम नेमके कोणत्या प्रकारात मोडते आणि पर्याय मिळेपर्यंत काय करावे, हे त्याने एखाद्या विश्वासू मुफ्तींना कामाचे संपूर्ण स्वरूप सांगून विचारावे. अर्धवट माहितीवर घेतलेला फतवा अर्धवटच उपयोगी पडतो. या लेखाचा रोख मात्र ज्यांचे काम हलाल आहे, पण मन दुसरीकडे ओढ घेते, त्यांच्याकडे आहे.

हलके काम नावाची वस्तू नाही

आपल्या समाजातील आडनावेच पाहा. बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी, शिकलगार, मणियार. आपल्या पूर्वजांनी फळे विकली, पाने विकली, अत्तरे विकली, कापूस पिंजला, हत्यारांना धार लावली आणि त्या श्रमाचे नाव मुलाबाळांना अभिमानाने दिले. आज मात्र त्याच घरातील पदवीधर मुलाने वडिलांच्या फळांच्या गाड्यावर उभे राहायचे म्हटले, तर नातेवाईक भुवया उंचावतात आणि सोयरीक जुळताना अडचण येते.

प्रेषितांच्या इतिहासात हा संकोच कोठे दिसतो? हजरत जकरिया (अ.) सुतार होते. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले, त्यांना चिलखते घडवण्याची कला दिली आणि ते स्वतःच्या हातच्या कमाईतून खात. आमचे प्रेषित (स.) यांनी मक्केतील लोकांच्या शेळ्या-मेंढ्या मजुरीवर राखल्या आणि पुढे हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामच्या प्रदेशात व्यापार केला. हिजरतनंतर मदीना येथे हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी मदीनेच्या बाजारात पनीर आणि तूप विकू लागला. ज्याला लाज वाटली नाही, त्याला बरकत मिळाली.

म्हणून, वाचकहो, काम बदलताना "लोक काय म्हणतील" हा प्रश्न यादीतून खोडून टाका. त्याच्या जागी "माझा रब काय म्हणेल" हा प्रश्न लिहा.

आवड ओळखावी कशी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. "मला हे काम आवडते" असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय आवडत असते? कधी काम आवडते, कधी कामाचे नाव आवडते, तर कधी केवळ सध्याच्या साहेबाचा कंटाळा आलेला असतो. तिन्ही भावना आतून सारख्याच भासतात. त्यांची पारख केली नाही, तर माणूस आगीतून फुफाट्यात पडतो.

या पारखीचे एक विलक्षण उदाहरण इमाम गजाली (रह.) यांचे आहे. बगदादच्या निजामिया मदरशात ते मुख्य अध्यापक होते. 300 विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. त्या काळी एखाद्या विद्वानाला याहून मोठे पद क्वचितच मिळत असेल. असे असताना हिजरी 488, म्हणजे इसवी सन 1095 मध्ये, वयाच्या सुमारे 38 व्या वर्षी, त्यांनी आपल्या नियतची झडती घेतली. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि मिळालेले उत्तर त्यांना हादरवून गेले. जवळजवळ सहा महिने निर्णय होईना. एक पाऊल पुढे, एक मागे. अखेर जीभ बोलेना, घास गिळवेना, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा त्यांनी पद सोडले. पण सोडताना काय केले, ते महत्त्वाचे आहे. मुलाबाळांच्या निर्वाहाला पुरेल एवढे राखून ठेवले आणि उरलेली संपत्ती वाटून टाकली. वैराग्याच्या त्या टोकावरही त्यांना घरच्यांची जबाबदारी विसरता आली नाही.

याच्या पुढचा भाग फार थोडे लोक सांगतात. अकरा वर्षांनंतर, हिजरी 499 मध्ये, ते निशापूर येथे पुन्हा अध्यापनास बसले. काम तेच होते, पण त्यांच्याच सांगण्याचा आशय असा की, ते पूर्वीच्या जागी परतलेच नव्हते. कारण पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवत होते आणि आता मान सोडायला लावणारी. यातून एक मोठी गोष्ट उमगते. कधी कधी बदल हवा असतो तो कामात नसून काम करणाऱ्यात असतो. कामधंदा बदलण्यापूर्वी ही शक्यता तपासून पाहिलीच पाहिजे.

दुसरी पारख क्षमतेची. अजानचे शब्द हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात ऐकू आले. स्वप्न त्यांचे, ओढही त्यांची. तरीही प्रेषित (स.) यांनी ते शब्द हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवण्यास सांगितले, कारण बिलाल (रजि.) यांचा आवाज अधिक दूर जाणारा होता. अब्दुल्लाह (रजि.) यांनी ते आनंदाने मान्य केले. स्वप्न पडणे आणि ते काम आपल्या हातून होणे या दोन निराळ्या देणग्या आहेत. त्याचप्रमाणे हजरत अबू जर (रजि.) यांनी शासकीय जबाबदारी मागितली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, तुम्ही या कामासाठी दुर्बल आहात आणि ही अमानत आहे, असे स्पष्टपणे सांगितले. अबू जर (रजि.) यांच्या ईमानविषयी कोणाला शंका होती? पण ईमान मोठे असले म्हणून प्रत्येक काम जमेलच असे नाही. ज्याला ज्यासाठी निर्माण केले, त्याच्यासाठी ते सोपे केले जाते, या अर्थाची हदीस नशिबाच्या संदर्भात आली असली, तरी उलेमांनी तिच्यातून हा बोधही घेतला आहे की, अल्लाहने प्रत्येक हाताला निराळे कसब दिले आहे.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा आणि प्रामाणिकपणे उत्तरे द्या. हे काम मी करतो हे कोणालाच कळणार नसेल, तरीही मला ते करावेसे वाटेल का? त्या कामातील रटाळ, घाम काढणारा भागही मला पेलवतो, की केवळ त्याचे फळ मोहवते? आणि माझ्या हातून हे काम झाल्याने आजवर कोणाचे भले झाले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात बसून मिळत नाही. हॉटेल काढायचे असेल, तर सुटीच्या दिवशी एखाद्या ओळखीच्या हॉटेलात भटारखान्यात आणि गल्ल्यावर उभे राहून पाहा. शिक्षक व्हायचे असेल, तर मोहल्ल्यातील दहा मुलांना तीन महिने संध्याकाळी विनामूल्य शिकवा. शेती करायची असेल, तर एक हंगाम चुलत्याच्या रानात राबा. तीन महिन्यांनंतरही ओढ टिकली, तर ती खरी समजावी. ती विरली, तर नोकरी न गमावताच अक्कल आली, याबद्दल अल्लाहचे आभार माना.

राजवाड्यापासून मेंढवाड्यापर्यंत

कुरआनमध्ये सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांचा प्रसंग आहे. फिरऔनच्या राजवाड्यात वाढलेला तरुण मिसर सोडून मदयनला येतो. हाताशी काहीही नाही. विहिरीवर गर्दीत मागे थांबलेल्या दोन मुली दिसतात. तो त्यांच्या जनावरांना पाणी पाजतो, सावलीत जाऊन बसतो आणि आपल्या रबला सांगतो की, तू जे काही चांगले पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे. कोणते पद हवे, किती वेतन हवे, हे काही मागितले नाही. आधी हातून सेवा घडली, मग दुआ झाली आणि मग दार उघडले. त्या मुलींपैकी एकीने वडिलांना त्याला कामावर ठेवण्याचा सल्ला दिला आणि उत्तम कामगाराचे दोन गुण सांगितले, सामर्थ्य आणि विश्वासूपणा. आठ वर्षांचा करार ठरला. दहा पूर्ण केली तर ती त्याची मर्जी. मूसा (अ.) यांनी जास्तीची मुदत पूर्ण केल्याचे हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात.

राजपुत्राने दहा वर्षे मेंढ्या राखल्या. त्या वर्षांना आपण वाया गेलेली म्हणू का? एका संपूर्ण समुदायाला रानातून सांभाळून नेण्याची तयारी त्याच काळात होत होती. वाचकहो, आज तुम्हाला कंटाळवाणी वाटणारी नोकरी उद्याच्या कामाचा मदरसा असू शकते. हिशेब ठेवणे, गिऱ्हाईकाशी बोलणे, वेळ पाळणे, राग गिळणे, हे सर्व तेथे शिकून घ्या. आणि निघताना मूसा (अ.) यांच्याप्रमाणे मुदत पूर्ण करून निघा.

निघण्यापूर्वीचे हिशेब

दिलेले करार पाळण्याचा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतमध्ये आहे. नियुक्तिपत्रात एक किंवा तीन महिन्यांची पूर्वसूचना देण्याची अट असेल, तर ती पाळणे हे दीनचे काम आहे. कामाची कागदपत्रे, चाव्या, येणी-देणी व्यवस्थित सोपवा. जुन्या मालकाच्या गिऱ्हाइकांची यादी चोरून नेऊन नव्या धंद्याचा श्रीगणेशा करणाऱ्याला बरकत कोठून लाभणार?

दुसरा हिशेब घरचा. ज्यांचे पोषण आपल्यावर अवलंबून आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे, एवढेच पाप माणसाला पुरेसे आहे, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. पत्नी-मुलांचा खर्च ही तुमची कृपा नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी घरखर्च, मुलांची फी, आईवडिलांची औषधे आणि अंगावरचे कर्ज कागदावर मांडा. निदान काही महिने घर चालेल एवढी शिल्लक नसेल, तर थांबा, साठवा आणि नवे काम फावल्या वेळेत सुरू करा. कर्ज डोक्यावर असताना सावकाराला सांगितल्याशिवाय उत्पन्नाचा झरा बंद करणे योग्य नाही.

तिसरी गोष्ट भांडवलाची. हलाल धंद्याची सुरुवात व्याजाच्या पैशाने करू नका. त्यापेक्षा लहान सुरुवात बरी. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाच्या घरातील चादर आणि पेला प्रेषित (स.) यांनी लिलावात 2 दिरहमला विकला. एका दिरहमचे धान्य घरी द्यायला लावले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. 15 दिवसांत त्या गृहस्थाने लाकडे तोडून 10 दिरहम कमावले. क्रम लक्षात घ्या. आधी घरच्यांचा घास, मग अवजार आणि मग मुदत ठरवून मेहनत.

आणि नवे आले म्हणून जुने तोडलेच पाहिजे, असेही नाही. इमाम अबू हनीफा (रह.) कूफा येथे कापडाचे व्यापारी होते. इमाम शअबी (रह.) यांनी त्यांची बुद्धिमत्ता हेरून त्यांना विद्येकडे वळवले. ते फिक्हचे इमाम झाले, पण दुकान बंद केले नाही. भागीदारांवर सोपवून चालू ठेवले. त्या कमाईतून स्वतःचा स्वाभिमान राखला आणि गरीब विद्यार्थ्यांनाही पोसले.

मशवरा आणि इस्तिखारा

पत्नीला शेवटी कळवण्याची आपल्याकडे वाईट चाल आहे. पगार बंद झाल्यावर डाळ-तांदूळ पुरवून वापरण्याची कसरत जिला करायची आहे, तिचा सल्ला पहिला घ्या. त्यानंतर आईवडिलांचा आणि मग त्या धंद्यातील दोन अनुभवी माणसांचा. त्यांपैकी एक तरी त्यात नुकसान सोसलेला असावा.

मग इस्तिखारा. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) ही दुआ कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवीत. दोन रकात नफ्ल नमाज आणि त्यानंतर ती दुआ. तिचा आशय एवढाच की, हे अल्लाह, तू जाणतोस, मी जाणत नाही. हे काम माझ्या दीन-दुनियेसाठी चांगले असेल तर सोपे कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर ठेव आणि जेथे भले असेल ते देऊन त्यावर मला राजी कर. लोक इस्तिखारा करून स्वप्नाची वाट पाहत बसतात, हिरवा-पांढरा रंग शोधतात. स्वप्न पडणे ही त्यातील अट नाही. दुआ करा, विचारपूर्वक पाऊल उचला. रस्ता सुकर होत गेला तर पुढे जा, अडत गेला तर मन मोठे ठेवून थांबा. त्या दुआतील शेवटचे मागणे राजी होण्याचे आहे, हे ध्यानात असू द्या.

ज्यांना बदल शक्य नाही त्यांच्यासाठी

असेही असंख्य बंधू आहेत ज्यांना हे सर्व वाचून एक उसासा टाकण्यापलीकडे काही करता येणार नाही. बहिणीचे लग्न, वडिलांचा आजार, घराचे छप्पर. ते परमुलखात एका खोलीत सहा-सात जणांसह राहून दरमहा पैसे पाठवतात. त्यांनी स्वतःला पराभूत समजू नये. अल्लाहच्या मार्गात, गुलाम मुक्त करण्यात, गरिबाला देण्यात आणि कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारांमध्ये सर्वाधिक पुण्य कुटुंबावरच्या दीनारचे आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. तुमची आवड तुम्ही ज्यांच्यासाठी मागे ठेवली, त्यांच्या प्रत्येक घासात तुमची इबादत आहे. आवडीचे काम न मिळाले, तरी हातातले काम चोखपणे करण्यावाचून तुम्हाला कोणी रोखलेले नाही. चोखपणाची एक खोड आहे. ज्या कामात तो ओतला जातो, त्या कामाची हळूहळू गोडी लागते.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलाचे कसब ओळखा. त्याच्या हातात सुताराची करवत शोभत असेल, तर अभियंता करण्याच्या हट्टापायी कर्जबाजारी होऊ नका. आणि मुलींच्या कसबाकडेही पाहा. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडी कमावण्याचे आणि शिवणकामाचे काम स्वतःच्या हाताने करीत आणि मिळालेले सदका देत. घरातील लेक किंवा सून शिवण, अध्यापन, वैद्यकी यांपैकी काही मर्यादा सांभाळून करू इच्छित असेल, तर तिच्या मार्गात अडथळा न होता आधार व्हा. आणि तिची कमाई तिची आहे, हेही विसरू नका.

वाचकहो, रिज्कची जबाबदारी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे. ते कोणत्या दाराने यावे, त्यासाठी कोणते दार ठोठवायचे, हे आपल्यावर सोपवले आहे. आपले सामर्थ्य ओळखून, अमानत सांभाळून, घरच्यांचा हात धरून ते दार ठोठवा.

हे अल्लाह, आम्हाला हलाल रोजी दे, तिच्यात बरकत दे आणि जे काम तू आमच्या हाती दिलेस ते सुंदर करण्याची तौफीक दे. ज्यांना बदल हवा आहे त्यांची वाट सोपी कर आणि ज्यांना थांबावे लागले आहे त्यांच्या मनाला शांती दे. आमीन.